तांदळातलं नाव

१५ जानेवारी १९४५, नांदेड

मला कुंकू लावलं नाही!

काल वजिराबादेत वकीलबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जाजमावर ओळीनं बसलो होतो — जाऊबाई, मग मी, मग पोस्टमास्तरांची सून. वकीलबाई करंडा घेऊन ओळीतून येत होत्या. जाऊबाईंना लावलं. माझ्यापुढे आल्या, बोट कुंकवात बुडवलेलं, आणि थांबल्या. माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. तिथं आहे ते खरं का खोटं, त्याचा फैसला करायचा होता ना बाईंना! मग 'अगं बाई, अत्तरदाणी आतच राहिली' म्हणून आत गेल्या. बाहेर आल्या त्या थेट पोस्टमास्तरांच्या सुनेपाशी.

मी मान खाली घातली नाही. का घालू?

वाण मात्र दिलं. सगळ्यांना दिलं तेच. 'रंगूनचा घरगुती स्वयंपाक' — गुलाबी पुठ्ठा, वर ठळक अक्षरात 'लेखिका : सौ. सौदामिनी', पुढे ह्यांचं नाव, पुढे कंधारकर. माझंच पुस्तक मला वाण! इथल्या बायका ते आपल्या लेकींना सासरी देतात, त्यातली रंगुनी वडी पाहुण्यांपुढे मिरवतात, आणि लिहिणारीच्या कपाळाला बोट लावायचं तर हात आखडतो.

मी काय विधवा आहे? असेन तर कोणीतरी येऊन सांगावं! बेचाळीसच्या फेब्रुवारीत ह्यांनी मला बायकापोरांच्या बोटीत बसवून दिलं. म्हणाले, 'भाताच्या गिरणीतलं काम आवरतो आणि मागच्या बोटीनं येतो.' मागची बोट कसली! जपान्यांनी रंगून घेतलं. तेव्हापासून ना पत्र ना तार. आता माझ्या कपाळाचं काय करायचं, ते वकीलबाई ठरवणार.

घरी येऊन पुस्तक ट्रंकेच्या तळाशी टाकलं. तिळगूळ गाईला घातला.

१७ जानेवारी

सासूबाईंच्या कानावर घातलं. जपाची माळ न थांबवता म्हणाल्या, 'मोठं लावत जा.' झालं. एवढंच!

३ फेब्रुवारी

ईश्वरप्पा आले होते लातूरहून. दाळीच्या गिरणीचे मालक. पुस्तक त्यांनीच काढलं. त्याचीही गंमतच! मी रंगूनहून आले त्याच वर्षी ते भावजींकडे — म्हणजे माझे थोरले दीर श्रीपादभावजी — कचेरीच्या कामानं आले होते. फराळाला मी हरभऱ्याच्या पिठाची रंगुनी वडी केली होती. वर चिंचेचं पाणी, तळलेला कांदा, तीळ. चार वड्या खाल्ल्या आणि विचारलं, 'अक्का, हिला पीठ कोन्तं?' महिन्याभरात माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, सोलापुरात छापलं, आणि पानापानावर खाली टाकलं — 'लातूरचेच हरभऱ्याचे पीठ वापरावे.' त्यांना पीठ खपवायचं होतं. मला काय, मला लिहायचं होतं.

आज चहा बशीत ओतून नुसताच फुंकत बसले. पिईनात.

'अक्का, पुस्तक लई चाललं. दुसऱ्यांदा छापायला सोलापुरात कागद बी मिळून राहिलाय. पन चालतं ते लग्नसराईत. बाया रुखवतात मांडतात. आन् आता लोक विचारायलेत.'

'काय विचारतात?'

'परवा आमच्याच गल्लीत लगीन झालं. रुखवतातनं तुमचं पुस्तक उचलून माघारी धाडलं वरमाईनं. म्हनली, नव्या नवरीपुढं असल्या बाईचं नाव कशाला.'

असल्या बाईचं!

'अक्का, राग मानू नका. मालकाची काई खबर?'

'नाही.'

'मंग कसं करावं?' आणि हा प्रश्न मला नाही विचारला, भावजींकडे तोंड करून विचारला. 'सौ. पायजे साहेब. सौ. बिगर लग्नात शिरकाव न्हाई.'

मी तिथंच होते. दाराला टेकून. कोणाला दिसले नाही.

६ फेब्रुवारी

फैसला झाला. पुस्तक जाऊबाईंच्या नावावर! 'लेखिका : सौ. प्रेमला श्रीपाद कंधारकर.' भावजी तहसिलीत पेशकार आहेत ना, निकाल देऊन वर मोहोर मारायची सवयच आहे. म्हणाले, 'घरातलं नाव घरातच राहतं आहे, तुला तकरार काय? कंधारकर ते कंधारकर.'

जाऊबाईंना साधी फोडणी धड जमत नाही! मोहरी तडतडायच्या आत हळद टाकतात. आणि ही बाई लिहिणार रंगूनचा स्वयंपाक!

मी म्हणाले, 'माझं नाव काढू नका.' भावजी म्हणाले, 'नाव नाव काय करतेस? नाव तरी तुझं कुठलं? शरदनंच दिलं ना?'

खरंच आहे. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात लिहिलं — सौदामिनी. आवडतं होतं म्हणे ह्यांना. मी माहेरची विशाखा. निलंग्याला आई गेल्यापासून मला त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. ते ताट तसंच आत नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्या तांदळांचा भात झाला. मीही खाल्ला. ह्या घरात आलेल्या प्रत्येकीचं असंच. जाऊबाई मूळच्या बनू. सासूबाईंना सगळे लक्ष्मीबाई म्हणतात. त्यांचं आधी काय होतं, कोणी विचारलेलंच नाही.

१९ फेब्रुवारी

जाऊबाईंची शाळा घेते आहे. कोणी काही विचारलं तर उत्तरं यायला हवीत ना!

आज खौस्वे. माझी शेगडी मागच्या पडवीत, भांडी वेगळी, कारण सासूबाईंच्या चुलीला रंगूनचं काही चालत नाही. नारळ इथं कुठला रोज मिळायला, म्हणून मी शेंगदाणे भिजवून वाटून त्याचं दूध काढते. त्यात पीठ लावून आमटी, आणि आमटीत घरच्या शेवया. तिकडे नापी घालतात — माशाची आंबवलेली चटणी. ती इथं घातली तर मला नदीवरच जाऊन राहावं लागेल. मी भाजलेल्या कारळाची पूड घालते.

जाऊबाईंनी शेवया दुधात शिजवल्या. वर साखर विचारली.

'अहो जाऊबाई, खीर नाही ही!'

'मग शेवयांचं तिखट कसलं करतात तुमचे ते लोक? शी!'

ही लेखिका!

दुपारी सगळे निजल्यावर सासूबाई पडवीत आल्या. डोईवरचं लाल आलवण सारखं करीत, दुसरीकडे बघत म्हणाल्या, 'ती वडी — कांद्यावाचून होते का?' करून दिली. पाठ करून खाल्ली. पानाचा द्रोण स्वतःच टाकून आल्या. चांगली झाली म्हणायला तोंड दुखतं.

११ मार्च

जाऊबाई लातूरहून आल्या! तिथल्या भगिनी समाजानं बोलावलं होतं, 'रंगूनवाल्या बाईंचं' प्रात्यक्षिक बघायला. पुस्तक छापून व्हायचंय अजून, पण ईश्वरप्पांनी आधीच डांगोरा पिटला. मी आदल्या दिवशी वडी करून, ओल्या फडक्यात बांधून दिली होती. जाऊबाईंनी तिथं नुसती कापली आणि तळली. टाळ्या पडल्या म्हणे. नारळ दिला, खण दिला.

'तिथल्या तहसीलदारीणबाईंनी विचारलं, जहाजात मळमळलं का हो? मी म्हटलं, हो, फार!' असं सांगून पोट धरून हसत होत्या.

लातूर-परभणीच्या पुढे गेली नाही ही बाई कधी! तिला जहाजात मळमळलं! आणि मी — मी त्या बोटीत ओकून ओकून आडवी झाले होते, शेजारच्या बाईचं तान्हं माझ्या मांडीवर होतं, सगळ्यांचे डोळे आभाळाकडे, विमान दिसतंय का म्हणून. ते सगळं माझं. तेसुद्धा नेलं.

रागाच्या भरात मी तो खण बघितलासुद्धा नाही. हिरवा होता, चांगला होता.

६ मे

रंगून सुटलं!

भावजी पेपर घेऊन धावत आले. इंग्रजांनी परत घेतलं रंगून. जपानी पळाले. जाऊबाई म्हणाल्या, 'म्हणजे आता कळेल.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. संक्रांतीला वकीलबाईंनी बघितलं तसंच. कपाळाकडे.

संध्याकाळी देवापुढे बसले आणि काय मागावं ते सुचेना. ह्यांना सुखरूप ठेव, हे तर मागितलंच. माझं माणूस आहे ते. पावसात भिजत आले की डोकं पुसून द्यायचे माझं. पण त्याच्या मागोमाग मनात आलं — हे आले की पुस्तकावर माझं नाव राहील. आधी ते आलं का हे, मलाच आता सांगता येत नाही. वाईट आहे मी. असू दे.

ईश्वरप्पांचा निरोप : 'छपाई थांबवली हाय. जे असंल ते कळू द्या.'

२२ जून

अजून काही नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की जाऊबाई माझ्या आधी ओसरीवर. त्यांच्या नावाचाही प्रश्न आहे ना!

२७ ऑगस्ट

काल निलंग्याचे सिद्धेश्वर कुलकर्णी आले. रंगूनला ह्यांच्याच गिरणीत होते. लष्कराच्या जहाजानं मद्रासला उतरले, तिथून गाडीनं गावी निघालेत, वाटेत मुद्दाम उतरले. दारातूनच ओरडून म्हणाले, 'शरदराव ठणठणीत आहेत!'

सासूबाईंनी जपाची माळ डोळ्यांना लावली. मी रडले. खोटं कशाला लिहू, भिंतीला धरून ढसाढसा रडले. जाऊबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि तो हात मला कडू नाही लागला. जेवायला ठेवून घेतलं त्यांना. मी म्हटलं, रंगूनचा माणूस, खौस्वे करते. भावजी आणि ते पाटावर बसले, मी वाढत होते.

पहिला घास घेतला आणि कुलकर्णी म्हणाले, 'वा वहिनी! अगदी तिथल्यासारखं. आमच्याच्यानं काही ती नापी खाववली नाही बुवा. पण शरदरावांना आता तिच्यावाचून घास उतरत नाही. मा चोच्या हातची सवय झाली ना!'

मा चो आमची शेजारीण. लाकडी जिन्याच्या पलीकडे तिचं घर. खौस्वे, वडी, चिंचेची आमटी, जे काही माझ्या पुस्तकात आहे ते सगळं मला तिनं शिकवलेलं. तसं प्रस्तावनेत लिहिलं आहे मी — 'माझी प्रेमळ शेजारीण'. प्रेमळ!

मी विचारलं, 'त्यांच्याकडे जेवतात होय?' अजूनही डोक्यात शिरलं नव्हतं माझ्या.

'जपान्यांच्या धरपकडीत तिनंच लपवलं हो. नाहीतर जिवंत राहते कुठले? आता तिथंच — पोरगी तर काय गोड आहे! नाक हुबेहूब शरदराव —'

आणि थांबले. भावजींच्या तोंडाकडे बघितलं, माझ्या बघितलं. 'मला वाटलं, तुम्हाला पत्रानं कळलं असेल...'

भावजी म्हणाले, 'भात वाढ.'

मी भात वाढला. तूप वाढलं. ताक वाढलं.  कुलकर्णी बिचारे मान खाली घालून जेवले, पुन्हा मागितलं नाही. जाताना एवढंच बोलले, 'जहाजं नीट सुरू झाली की बघू, असं म्हणाले होते.'

बघू!

२८ ऑगस्ट

साखर वाटली. घरोघर. 'आमचा शरद सुखरूप आहे, कामात आहे, जहाजं सुरू झाली की येणार.' पुढचं कोणाला सांगायचं नाही, अशी ताकीद आहे.

वकीलबाई स्वतः आल्या आणि कुंकू लावून गेल्या. एवढं लावलं की नाकावर सांडलं.

४ सप्टेंबर

ईश्वरप्पांचा माणूस येऊन गेला. छापखान्यात जुळवलेले खिळे बदलले म्हणे. 'सौ. सौदामिनी' पुन्हा बसवलं. जाऊबाई दोन दिवस घुश्शात आहेत. आज विचारलं मला, 'मग आता लातूरला कोण जाणार?'

तर, मिळालं मला नाव. नवऱ्यानं दुसरं घर केलं, म्हणून माझं नाव मला परत मिळालं. तो मेला असता तर मी 'असली बाई'. तो तिथं पोरगी खेळवतोय, तर मी सौभाग्यवती! हा कुठला हिशेब? कोणाला विचारू? भावजींना? ते मोहोर मारतील.

आणि खरं लिहायचं तर — जिवंत आहेत, ह्याचा आनंदही आहेच कुठंतरी तळाला. त्याचाच जास्त संताप येतो.

१४ सप्टेंबर

काल महालक्ष्म्यांचं जेवण होतं. काय झालं ते सगळं लिहून ठेवते, नंतर लोक आपापलं सांगतील.

तीन वर्षं मला महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात हात लावू दिला नव्हता. भाज्या निवडायला बसवायचे, सोवळ्याबाहेर. न जाणो! ह्या वर्षी मात्र भावजींनी जाहीर केलं — सगळा स्वयंपाक सौदामिनी करणार आणि पहिली सवाष्णही तीच बसणार. गावाला दिसलं पाहिजे ना! पहाटे न्हाऊन सोवळ्यात चुलीपुढे बसले. पुरण, कटाची आमटी, कढी, आंबील, सोळा भाज्या, सगळं एकटीनं केलं.

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाची चव बघायची नाही. देवीच्या आधी जिभेला लागलं की उष्टं झालं. मीठ, तिखट, सगळं अंदाजानं. ते मला जमतं. पण काल माझं चित्त तिथं कुठं होतं! आमटी ढवळताना डोळ्यांपुढे तो लाकडी जिना आणि तिची पोरगी. नाक कसं असेल तेच सारखं मनात.

दिवेलागणीला नैवेद्य झाला. सवाष्णी बसल्या. पहिल्या पानावर मी, शेजारी वकीलबाई, मग पोस्टमास्तरांची सून, पुढे सगळ्या. भरघोस कुंकू, गजरे. पहिल्या सवाष्णीनं घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी घ्यायचा नाही. मी आमटी-भात कालवला आणि तोंडात घातला.

मीठ नव्हतं! आमटीला नाही, कढीला नाही, सोळा भाज्यांना नाही. मी कशातच मीठ घातलं नव्हतं.

स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलेली बाई मी!

मी घास गिळला. बाकीच्या जेवायला लागल्या. नैवेद्याच्या अन्नाला नाव ठेवायचं नाही, हे सगळ्यांना पाठ. मग काय बघावं! एकेकीचा हात गुपचूप पानाच्या टोकाला वाढलेल्या मिठाकडे. चिमूट घ्यायची, भातात कालवायची आणि मान डोलवायची. 'काय चव उतरली आहे हो!' 'सौदामिनीबाईंच्या हाताला काही वेगळंच आहे.' वकीलबाईंचं मीठ संपलं तेव्हा त्यांनी शेजारणीच्या पानातलं उचललं. आणि तोंडानं म्हणतात काय, 'आमटी बाई तुम्हीच करावी.' मग, 'आणि शरदराव येताहेत दिवाळीपर्यंत, हो ना? देवी पावली!' सगळ्यांनी माना डोलावल्या.

ह्या बायकांना ठाऊक आहे, माझ्या एकदम लक्षात आलं. कुलकर्णी गावातून गेलेत, जाता जाता चार घरी बोलले असतील. ह्यांना सगळं ठाऊक आहे! आणि मीठ लावून गिळताहेत.

मी म्हणाले, 'वकीलबाई, मीठ नाहीये कशातच. विसरले मी.'

'छे हो, छान आहे—'

'अळणी आहे! सगळं अळणी आहे! आणि आमचे हे काही दिवाळीला येत नाहीत. रंगूनला दुसरं घर केलंय त्यांनी. मा चो नाव तिचं. मुलगी आहे त्यांना. तेही सांगायचं राहिलं होतं.'

 वकीलबाईंची मिठाची चिमूट तशीच बोटात. जाऊबाई पोळ्यांचं ताट घेऊन मध्येच उभ्या. पोस्टमास्तरांची सून एकदम फिस्सकन हसली, घाबरून हसली बिचारी. आतल्या दारामागे सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या माळेचा आवाज थांबला. मग उठल्या आणि माजघरात गेल्या.

मी पान संपवलं. सगळं. अन्न टाकत नाही मी.

१५ सप्टेंबर

भावजी : 'घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस! त्या पुस्तकावर आता कंधारकर हे नाव लागता कामा नये. बिलकुल नाही.'

सासूबाई बोलत नाहीत. आपली भाकरी आपण थापून घेतात.

७ ऑक्टोबर

ईश्वरप्पा आले. सगळं कळलं होतं त्यांना. लातूरपर्यंत गेलंय! भावजी बाहेर आलेच नाहीत, म्हणून ह्या खेपेला त्यांना माझ्याशीच बोलावं लागलं. ओसरीच्या कडेला बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

'अक्का, मानूस जित्ता हाय ना? मंग सौ. तर लागतंच की. म्या छापतो. कोन काय म्हनतंय बघू.'

'सौ. नको.'

'आं?'

'नको मला. तीन वर्षं लोकांनी ते कपाळावर तपासून बघितलं. आता नको. कंधारकर तर भावजींनीच काढून घेतलं.'

'मंग मालकाचं मधलं नाव?'

'ते तर आधी काढा!'

बोटांवर मोजत बसले. 'म्हंजी नुसतं सौदामिनी ऱ्हायलं.'

मी तोंड उघडलं होतं, हो म्हणायला. पण ते ताट डोळ्यांपुढे आलं. अंगठी फिरली आणि तांदूळ बाजूला सरले. हे नाव तरी माझं कुठलं? भावजी म्हणाले ते कडू होतं, पण खोटं नव्हतं.

'विशाखा घाला,' मी म्हणाले.

'ही कोन बाई?'

'माझं माहेरचं नाव.'

'नुसतं विशाखा? ना पुढं, ना मागं? अक्का, रुखवतात कोन घेईल हो!'

'नाही घेतलं तर तुमचं पीठ मी दारोदार विकते.'

हसले. पण पोटातून नाही. धंदा बुडणार, हे दिसत होतं त्यांना. उठता उठता विचारलं, 'आन् त्या प्रस्तावनेत ती शेजारीण हाय, प्रेमळ का काय ते — तिचं नाव काढायचं ना?'

माझ्या जिभेवर हो आलं होतं. त्या बाईचं नाव मी माझ्या हातानं छापायचं! रोज माझ्या नवऱ्याला जेवायला वाढते ती. पण तिनं जपान्यांपासून लपवलं नसतं तर? आणि पिठाचं पाणी किती आटवायचं ते माझा हात धरून तिनंच दाखवलं. ते मी कुठं ठेवू?

'राहू द्या. शिकवलं तिनंच. फक्त "प्रेमळ" काढा.'

२० डिसेंबर

पुस्तकं आली. ह्या खेपेला निळा पुठ्ठा. जाऊबाईंनी लांबूनच बघितलं आणि आत गेल्या.

सासूबाई मागच्या ओट्यावर ऊन खात होत्या. महालक्ष्म्यांपासून माझ्याशी एक शब्द नाही. एक प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि बाजूला झाले. पोथी वाचतात तसं बोट ठेवून वाचलं, वि-शा-खा. बोट तिथंच ठेवून बसून राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

'माझं नाव केवळा होतं.'

पुस्तक काही परत दिलं नाही.